एआयकडे एकच मागणं मागायचं झालं, तर तुम्ही काय मागाल?

अनघा_कळवा

नमस्कार मंडळी,

गेली दोन-तीन वर्षं जिथं जावं तिथं एआयचा विषय. ऑफिसात, लेडीज डब्यात, भिशीतसुद्धा. कुणी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतं, कुणी मुलांचे प्रोजेक्ट. मला मात्र बरेच दिवस एक प्रश्न विचारायचा होता. त्याच्याकडून एकच गोष्ट मागायची मुभा असेल, तर तुम्ही काय मागाल? कौतुकाची गोष्ट नको. जी अडचण तुमच्या घरात येऊन बसलीय आणि हलत नाही, ती सांगा.

मी का विचारतेय ते आधी सांगते.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत बाबांचा खोकला जाईना. वय ६९. आधी सायरप, मग अँटिबायोटिकचा कोर्स, मग "छातीचा फोटो काढून घ्या." मंगळवारी फोटो काढला, फिल्म त्याच दिवशी हातात मिळाली, पण रिपोर्ट नाही. तिथं रेडिऑलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा यायचे. मध्ये एक सुट्टी आली, एकदा ते आलेच नाहीत. रिपोर्ट मिळाला बाराव्या दिवशी. ते बारा दिवस फिल्मचं पाकीट आमच्या टीव्हीच्या कपाटावर पडून होतं. रोज रात्री मी ते काढून ट्यूबलाइटसमोर धरायचे. वरच्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या मागे, कापसाच्या बोळ्यासारखं पांढुरकं काहीतरी होतं. मला ते दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावता येत नव्हता.

तो टीबी होता. त्या बारा दिवसांत बाबा माझ्या चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन त्याच खोलीत गोष्टी सांगत होते.

सहा महिने गोळ्या घेऊन बाबा बरे झाले. मुलाच्या तपासण्या झाल्या, त्याला प्रतिबंधक औषध दिलं, तो ठणठणीत आहे. पण नंतर मी वाचायला लागले आणि एका गोष्टीपाशी अडकले. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्येच सांगून ठेवलंय की १५ वर्षांवरच्या माणसांच्या छातीचा एक्स-रे टीबीच्या चाळणीसाठी माणसाऐवजी संगणकानं वाचला तरी चालेल. म्हणजे आमचं पाकीट कपाटावर पडलं होतं तेव्हा ते मिनिटभरात वाचणारं यंत्र जगात होतं. आमच्यापर्यंत आलं नव्हतं, एवढंच.

म्हणून माझं मागणं हे: जिथं जाणकाराची नजर पोचत नाही, तिथं त्यानं आधी पोचावं. आता तुमचं सांगा.

एक्सरे_सानपाडा

अनघाताई, बाबा बरे झाले हे वाचून आधी बरं वाटलं. मी १४ वर्षं एक्स-रे टेक्निशियन आहे. ते बारा दिवस मी खिडकीच्या आतल्या बाजूनं पाहिलेत. लोक फिल्म हातात घेऊन विचारतात, "साहेब, तुम्हीच सांगा ना, काही आहे का?" इतक्या वर्षांत डोळा तयार होतोच, आम्हाला दिसतं. पण निदान सांगायचा अधिकार आम्हाला नाही, आणि तो नसावा हेच बरोबर. मग समोरच्या माणसाच्या नजरेला नजर न देता "डॉक्टरांना दाखवा" म्हणायचं. हे रोजचं आहे.

तुम्ही म्हणता ते सॉफ्टवेअर मी दोन शिबिरांत वापरलंय. यातलं एक तर क्यूर डॉट एआय या मुंबईच्याच कंपनीचं आहे. तुर्भ्याच्या बाजूला एका वस्तीत समाजमंदिरात शिबिर होतं. हातात उचलून नेता येईल एवढं एक्स-रे यंत्र आणि एक लॅपटॉप. फोटो काढला की मिनिटाच्या आत पडद्यावर एक आकडा येतो आणि फुफ्फुसावर संशयाच्या जागी रंगीत डाग उमटतो. आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की त्या माणसाची थुंकी लगेच तपासणीला. त्या दिवशी एक बाई नवऱ्यासोबत आल्या होत्या, त्यांना स्वतःला खोकला नव्हता. "आलाच आहात तर काढून घ्या," म्हटलं. नवऱ्याचा आकडा खाली, त्यांचा वर. थुंकीत टीबी निघाला.

पण त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसाच्या फुफ्फुसात व्रण राहतो. तो जुना व्रण आणि नवा आजार यांत यंत्र गोंधळतं. अनुभवी रेडिऑलॉजिस्ट अशा वेळी एकच प्रश्न विचारतो: "जुना फोटो आहे का?" यंत्र तो विचारत नाही, समोर आलेलंच वाचतं. लहान मुलांसाठी ती शिफारसही नाही. म्हणून त्याचं काम एवढंच धरायचं: रांगेतून कुणाला आधी पुढे काढायचं ते सांगणं. शेवटचा शब्द थुंकीच्या तपासणीचा.

तरी तेवढं जरी तुमच्या बाबांच्या वेळी झालं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं. त्यामुळे माझंही मागणं तेच.

घोडबंदरवासी

माझं मागणं साधं आहे. गायमुखच्या घाटातून सुटका. मुलगी सातवीत आहे, मी घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते. माजिवडा, कापूरबावडी, मग मानपाडा, प्रत्येक ठिकाणी तेच. सिग्नल कधी किती वेळ हिरवा ठेवायचा हे गर्दी बघून ठरवता येतं असं वाचलंय. तेवढं करा, बाकी काही नको.

दिघा_लोकल

घोडबंदरवासी, तुमचा त्रास कळतो. मी रोज दिघ्याहून ठाण्याला आणि पुढे मेन लाइननं परळपर्यंत जातो. पण मला वाटतं, काही प्रश्न अकलेअभावी अडलेले नाहीत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकणारी माणसं चालत्या गाड्यांतून खाली पडली, जीव गेले. त्या दिवशी गाडीत गर्दी किती होती हे सांगायला कुठल्याही हुशार यंत्राची गरज नव्हती. फलाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं आणि आजही आहे. तिथं गाड्या वाढायला हव्यात, रूळ वाढायला हवेत. त्याला पैसा आणि निश्चय लागतो. एआय येईल आणि सोडवेल म्हणून आपण हे प्रश्न त्याच्या खात्यावर टाकले, तर ज्यांनी ते सोडवायचे ते मोकळे सुटतील, ही माझी भीती आहे.

सिग्नलचंही तसंच. रस्त्यात मावतील त्यापेक्षा जास्त गाड्या असतील, तर हिरवा दिवा कितीही हुशारीनं लावा, गाड्या जाणार कुठे?

घोडबंदरवासी

दिघादादा, पटलं. पण दहा मिनिटं जरी वाचली तरी मुलगी जागी सापडेल हो.

दिघा_लोकल

हे मात्र खरं. मागे घेत नाही, पण तुमची दहा मिनिटं तुम्हाला मिळोत.

पाचपाखाडीकर

माझं मागणं ऐकून काहींना नवल वाटेल. मला माझ्या पणजोबांचं अक्षर वाचायचंय.

आमचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात. आजोबा गेले तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. त्यात चाळीसएक कागद, सगळे मोडीत. वडिलांना मोडी येत नव्हती, मला तर प्रश्नच नाही. माझ्या पिढीतल्या बहुतेक घरांची हीच गत. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच घरच्या कागदांसमोर निरक्षर झालो.

ज्यांनी मोडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं काढत जायचं. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, शब्द कुठं संपला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. जुन्या कागदांत तर वर्षही सुहूर सनात किंवा फसलीत, म्हणजे जुन्या कालगणनांत. प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) ठेवलेत आणि वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचकांची शोधाशोध झाली, आठवत असेल.

मध्यंतरी बातमी वाचली की आयआयटी रुडकीच्या मंडळींनी पुण्यातल्या संस्थांबरोबर मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं एआय तयार केलंय, त्यासाठी दोन हजारांवर मोडी पानांच्या प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी असा संच जमवलाय. मला इतका आनंद झाला की मी त्या रात्री ट्रंक उघडून बसलो. ते सॉफ्टवेअर काही माझ्याकडे नव्हतं. मग फोनवरच्या एका चॅट ॲपला एका कागदाचा फोटो दिला. त्यानं क्षणात सुरेख मराठीत सात-आठ ओळी लिहून दिल्या. कुणी जानोजी, त्यानं कर्जाऊ घेतलेले रुपये, साक्षीदारांची नावं, सगळं. मी आईला वाचून दाखवलं, आईच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी सहज तोच फोटो पुन्हा दिला. या वेळी जानोजी नव्हता. दुसरंच नाव, दुसराच मजकूर, तितकाच सुरेख.

तेव्हा लख्ख कळलं की त्यानं कागद वाचलाच नव्हता. जुन्या पत्रात साधारण काय असतं ते त्याला ठाऊक होतं, तेवढ्यावर लिहून दिलं. आईला परत सांगावं लागलं की काल वाचलं ते खोटं होतं. ते सांगणं मला जड गेलं.

म्हणून माझं मागणं नीट मांडतो. मोडी वाचणारं यंत्र हवं, पण जिथं वाचता आलं नाही तिथं "वाचता आलं नाही" असं लिहिणारं हवं. जमिनीच्या कागदात एक नाव इकडचं तिकडं झालं की भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या कोर्ट चालतं. आमचंच चालू आहे, म्हणून सांगतो.

नेरुळ_मोडी

पाचपाखाडीकर, मी हौशी मोडी वाचक आहे, नऊ वर्षं झाली शिकून. तुम्ही दिलेलं वर्णन अगदी खरं. एका कागदाचा फोटो इथं टाका ना. सावली न पाडता, दिवसाच्या उजेडात, वरून सरळ धरून काढा. घडीची रेघ आडवी येते तिथं दुसरा फोटो जवळून.

वर्षा_खारघर

हे सगळं वाचून धीर आला म्हणून लिहितेय.

माझ्या भावाला मोटर न्यूरॉन आजार आहे. तीन वर्षं झाली. आधी हात गेले, आता बोलणं जातंय. बुद्धी, आठवण, थट्टा सगळं शाबूत. फक्त जीभ आणि ओठ ऐकत नाहीत. आम्ही घरातली माणसं अजून ओळखतो तो काय म्हणतो ते, बाहेरच्यांना कळत नाही. माझा फोन आला की आता तो बोलत नाही, वहिनी बोलते. तो शेजारी बसून ऐकतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लोकांचं संशोधन प्रसिद्ध झालं. याच आजाराच्या पंचेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थाच्या मेंदूवर बारीक इलेक्ट्रोड बसवले, एकूण २५६. तो बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा मेंदूतून स्नायूंकडे जे संदेश निघतात ते टिपून यंत्र शब्द ओळखतं. अचूकता ९७ टक्क्यांपर्यंत गेली. आणि ते शब्द त्याच्याच आवाजात ऐकू येतात, आजाराआधीच्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेल्या आवाजात. शब्द पडद्यावर बरोबर उमटले तेव्हा तो आणि घरचे रडले म्हणे. मीही ते वाचून रडले.

असली शस्त्रक्रिया आमच्यापर्यंत कधी येईल ते येईल. पण आवाज साठवून ठेवणं आज शक्य आहे, म्हणून आम्ही भावाकडून वाक्यं म्हणवून घ्यायला लागलो. तिथं कळलं की इंग्रजीसाठी जे सहज होतं ते मराठीत अडखळतं. आमच्याकडच्या ॲपनं तयार केलेला आवाज त्याचाच आहे, पण उच्चार त्याचे नाहीत. "चार" आणि "चारा" यांतला च सारखाच. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे पाण्याचा, दोन्ही एकच. "बाळ" म्हणताना "बाल". त्याच्या मुलीचं घरातलं नाव बाळी आहे. ती हाक त्या आवाजात "बाली" अशी येते. ते ऐकून भावानं मान हलवली आणि ॲप बंद करायला सांगितलं.

माझं मागणं एवढंच, की त्याला त्याच्या मुलीला नीट हाक मारता यावी.

अनघा_कळवा

वर्षाताई, काय लिहू कळत नाही. बाळीला आशीर्वाद.

ऐरोली_स्वर

वर्षाताईंच्या मुद्द्याला माझी जोड. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, हा धागा फोनकडून वाचून घेतोय. यात माझ्या आयुष्यात खरोखर फरक पडलाय, म्हणून तक्रारीआधी ते सांगतो. २०२३ पासून बी माय आइज या ॲपमध्ये एआय आलं. पूर्वी त्यावर कुणा स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल लावून "माझ्या शर्टाला डाग आहे का" विचारावं लागायचं. आता फोटो काढला की फोन सांगतो. माणसाला पुन्हा पुन्हा विचारताना जो संकोच व्हायचा तो गेला. ही केवढी मोठी गोष्ट आहे ते डोळस माणसाला सांगून कळणार नाही.

पण औषधाची पट्टी. मुदत संपल्याची तारीख पट्टीच्या कडेला ठशानं उठवलेली असते, शाईशिवाय, चंदेरीवर चंदेरी. आणि मेडिकलवाले सहा गोळ्या हव्या असतील तर पट्टी कापून देतात, त्यात नेमकी तारखेची कड जाते. मग फोन काय वाचणार? कधी कधी तो तारीख नसतानाही तारीख सांगतो. पाचपाखाडीकरांचा जानोजी वाचून मी म्हटलं, हा माझ्या ओळखीचा आहे.

दुसरं, बसवरच्या मराठी पाट्या. घणसोली, घाटकोपर, घोडबंदर, बस हलती असेल तर फोनला सगळं एकच. भाषिणीसारखे सरकारी प्रकल्प २०२२ पासून आपल्या भाषांवर काम करतायत, त्यांनी हलत्या बसवरची पाटी वाचायचं काम मनावर घ्यावं.

बदलापूरची_बहीण

मी ठाण्यात, माहेर बदलापूरला. माझं मागणं पावसाचं.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी घरात आलं तेव्हा आई-वडील माळ्यावर बसून होते, सोळा तास. पुन्हा २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, शेकडो माणसं बोटींतून काढावी लागली. तेव्हाही आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. दोन्ही वेळा "मुसळधार पावसाची शक्यता" एवढं सांगितलं होतं. जिल्हाभर शक्यता म्हणजे माझ्या आईनं फ्रिज उचलायचा की नाही?

यातलं जाणणारं कुणी आहे का? आता एआयचे अंदाज फार अचूक आहेत असं ऐकते.

वागळे_ढग

ताई, मी या क्षेत्रातला आहे, जेवढं माहीत आहे ते सांगतो.

फरक नक्की पडलाय. पूर्वी दहा दिवसांचा अंदाज काढायला महासंगणकावर तासन्‌तास गणित चालायचं. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट आलं, ते एका यंत्रावर मिनिटाच्या आत तेवढा अंदाज काढतं, आणि बऱ्याच बाबतींत जुन्या पद्धतीइतका किंवा सरस. जवळजवळ चाळीस वर्षांच्या जुन्या हवामानावरून ते शिकलंय. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी खात्यानं मॉन्सून कधी पोचेल याचा एआयवर आधारलेला अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एसएमएसनं पाठवला. पेरणी थांबवायची की उरकायची हे ठरवायला तो उपयोगी.

पण तुमच्या आईच्या फ्रिजचा प्रश्न वेगळा आहे. २६ जुलै २००५ ला २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. मध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. आता ग्राफकास्ट नकाशावर चौकटींची जाळी टाकून अंदाज काढतं, त्यातली एक चौकट साधारण २८ किलोमीटरची. म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ जवळजवळ एकाच चौकटीत बसतात. त्या चौकटीला एकच आकडा मिळतो. ढगफुटीसारखा पाऊस चौकटीच्या आतल्या आत होऊन जातो.

तिथं जागतिक मॉडेल कामाचं नाही. रडार लागतं. २००५ ला मुंबईत डॉप्लर रडार (ढगांतला पाऊस आणि वारा टिपणारं) नव्हतं, आता कुलाबा आणि वेरावली इथं आहे. शिवाय पर्जन्यमापकं दाट लागतात. उल्हास खोऱ्यात वर खंडाळ्याकडं किती पडलं, बारवी धरणाचं पाणी किती वाढलं, ओहोटी कधी आहे, हे सगळं दर पंधरा मिनिटांनी मिळालं तर पुढचे तीन-चार तास गल्लीपर्यंत सांगणं एआयला जमू शकेल, असं मला मनापासून वाटतं. यंत्र हुशार आहे, त्याला खायला आकडे हवेत. ते आकडे गोळा करणारी साधनं लावायचं काम मात्र आपलंच.

बदलापूरची_बहीण

खूप आभार. पहिल्यांदा कुणी तरी नीट सांगितलं. आईला फोन करून सांगते की फ्रिज विटांवरच राहू दे.

आरोग्य_मुरबाड

राहायला ठाण्यात, नोकरी मुरबाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. माझं मागणं सर्पदंशाचं. पावसाळा सुरू झाला की भात लावणीच्या दिवसांत आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडची सर्पदंशाची लस या चारांच्या विषावरच केलेली आहे, घोड्याच्या रक्तापासून. तिचीच कधी कधी जोरदार रिॲक्शन येते, म्हणून छोट्या केंद्रातले डॉक्टर द्यायला कचरतात आणि पेशंटला पुढे पाठवतात. त्या वाटेत वेळ जातो.

जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटानं एआयच्या मदतीनं पूर्ण नवी, निसर्गात नसलेली प्रथिनं रचून नागवर्गीय सापांच्या विषातल्या एका घटकाला अडवून दाखवलं. उंदीर वाचले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले हे एक. घोडा नको, स्वस्तात बनेल, असं ते म्हणतात. घोणस आणि फुरशाच्या विषाला हे लागू नाही, आणि माणसापर्यंत यायला वेळ आहे. तरी मी ती बातमी छापून केंद्रात भिंतीला लावलीय.

एक मात्र इथं नोंदवावंसं वाटतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन लागू पडतं हे शोधलं, ते छोट्या गावात पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून. त्या एका साध्या गोळीनं कोकणात किती पोरं वाचली असतील! यंत्रानं अशा डॉक्टरच्या हाताखाली काम करावं, अशी माझी इच्छा.

महापे_रात्रपाळी

सगळ्यांचं वाचलं. कुणाच्याही मागण्याला माझा विरोध नाही, पण माझंही ऐकून घ्या.

मी महाप्याला विम्याचे दावे तपासण्याच्या कामात ११ वर्षं आहे. आमची टीम ४० जणांची होती. आज १४ आहोत. शेवटचे सहा महिने आम्ही काय केलं, तर आम्ही दावा कसा तपासतो ते ओळीओळीनं लिहून दिलं. ते वाचून यंत्र शिकलं. जे गेले त्यांतल्या एकीनं सगळ्यात नीट लिहून दिलं होतं. कंपनीच्या बसमधून जाताना ऐरोली, रबाळे, महापे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती दिसतात. पूर्वी तिथं कारखाने होते, माझे काका त्यांतल्या एकात कामाला होते. कारखान्यात शेकडो माणसं लागत. या इमारतींच्या गेटवर मला चार वॉचमन दिसतात.

माझं मागणं: ज्यांचं काम त्यानं घेतलं, त्यांच्या घरचा प्रश्न त्यानंच, किंवा त्यातून ज्यांना फायदा झाला त्यांनी, आधी सोडवावा. बाकी सगळं नंतर.

अनघा_कळवा

दादा, तुमच्या पोस्टनंतर दोन दिवस मी काही लिहिलं नाही. विचार करत होते. मी मागितलं ते माझ्या बाबांसाठी. पण रिपोर्ट यंत्रानं वाचला तर पैसे वाचतील, त्या पैशात आमच्या दवाखान्यात आणखी एक डॉक्टर येईल की आहे तोही जाईल? मला याचं उत्तर येत नाही. एक्सरेदादा, तुमच्याकडे काय होतंय?

एक्सरे_सानपाडा

आमच्याकडे अजून उलटंच आहे. शिबिरात संशयित जास्त सापडले म्हणून थुंकी तपासायला माणसं कमी पडली. तुम्ही नीट मागितलं होतं ताई: जिथं नजर पोचत नाही तिथं. जिथं माणूस बसलेला आहे त्याला उठवून तिथं यंत्र ठेवा, असं तुम्ही म्हटलं नाही. महापेदादांच्या बाबतीत नेमकं तेच झालंय. हा फरक सरकारनं लिहून घ्यायला हवा, असं मला वाटतं.

महापे_रात्रपाळी

एवढं कुणी म्हटलं तरी पुरे. धन्यवाद.

पाचपाखाडीकर

नेरुळताई, सांगितल्याप्रमाणे फोटो टाकले आहेत. हा तोच जानोजीवाला कागद. घडीजवळचे दोन वेगळे काढलेत.

नेरुळ_मोडी

मिळाले. फोटो उत्तम. काल रात्री आणि आज सकाळी बसले.

जानोजी कुठंच नाही, कर्जही नाही. शके १८२६ स्पष्ट आहे, म्हणजे इसवी १९०४. हा वाटणीचा कागद आहे, दोघा भावांमधला. मोठ्याच्या वाट्याला घर आणि गोठा. धाकट्याच्या वाट्याला "आंबे सात, फणस दोन," आणि विहिरीचं पाणी आठवड्यातून तीन दिवस. कोणते तीन दिवस ते घडीत गेलंय, वाचता येत नाही. खालून तिसऱ्या ओळीत एक शब्द "वई" आहे की "वाई" आहे, मला खात्री नाही. तिथं मी जागा मोकळी सोडलीय.

एक सुचवू का? माझ्यासारखे आठ-दहा वाचक ठाणे-नवी मुंबईत आहेत. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी रविवारी सकाळी दहाला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापाशी आणावेत. १८९३ सालची संस्था आहे, सगळ्यांना माहीत आहे. आम्ही ओळ वाचू, तुम्ही फोटो आणि देवनागरी शेजारी शेजारी जपून ठेवा, मोकळ्या जागांसकट. मोडी वाचणारी यंत्रं अशाच जोड्यांवरून शिकतात. खात्रीच्या ओळी जितक्या जास्त मिळतील तितके तुमचे जानोजी कमी होतील.

वर्षाताई, तुम्हीही या. माझा भाचा उच्चारांच्या ध्वनिमुद्रणाचं काम करतो. "बाळी" नीट ऐकून घ्यायला त्याला आवडेल.

वर्षा_खारघर

येते. भावाला विचारलं, तो म्हणाला, मलाही घेऊन चल. आम्हाला व्हीलचेअरसाठी पायऱ्या किती आहेत ते कुणी सांगेल का?

दिघा_लोकल

मी शनिवारी संध्याकाळी बघून सांगतो. उचलायला लागलं तर मी आहे, घोडबंदरवाल्यांनाही बोलावतो.

पाचपाखाडीकर

नेरुळताई, आईला वाचून दाखवलं. मोकळी जागा आली तिथं थांबलो, तसंच सांगितलं. ती म्हणाली, तीन दिवस म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई अजून तेच तीन दिवस पाणी ओढायच्या, का ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि फणस. त्यांतला एक अजून उभा आहे.